गुरुवारच्या कुप्या

मिरजेच्या त्या रक्तसंशोधन संस्थेत ‘नॉर्मल माणूस’ असणं हे एक कामच होतं, आणि अकरा वर्षं ते वर्षाराणी चौगुलेकडं होतं. तशी ती वरिष्ठ तंत्रज्ञ. पण आजारी माणसाच्या रक्तातल्या पेशी मोजायच्या तर शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त ठेवावं लागतं, नाहीतर आकडा जास्त का कमी हे ठरवायचं कशावरून? वाण्याकडं किलोचं वजन असतं, तसंच हे. आता दर आठवड्याला धडधाकट माणूस आणायचा कुठनं? मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. रस्त्यात भेटणारे निम्मे लोक पेशंट, आणि उरलेले पेशंटचा डबा घेऊन निघालेले. तेव्हा संस्थेनं सोपा मार्ग काढला आणि घरच्याच एका बाईला बाही वर करायला लावली.

कुपीवर नाव लिहायचं नाही असा नियम होता. लेबलावर फक्त ‘न-१’. सोमवारी आणि गुरुवारी न-१ च्या नावानं पाच-पाच मिली रक्त निघायचं. त्यातलं काही पेशंटांच्या तपासण्यांत वापरलं जायचं, काही तळमजल्यावर गोठवायला जायचं. कुठलं कुठं जातं याची चौकशी वर्षाराणीनं कधी केली नव्हती. आपल्याला काय, आपलं काम रक्त घ्यायचं, असा तिचा हिशेब.

२०३७ सालच्या मार्चमध्ये एका सोमवारी संचालक डॉ. कित्तूर यांनी तिला खोलीत बोलावलं.

“बसा, चौगुले मॅडम.”

इथंच तिनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. कित्तूर सर एरवी तिला वर्षाराणी म्हणायचे आणि दारातच उभं करून काम सांगायचे. बसा काय, मॅडम काय! एवढा मान माणसाला एकतर निरोप समारंभात मिळतो, नाहीतर वाईट बातमी सांगताना.

“आपल्या हेळव्यानं काहीतरी दाखवलंय,” ते म्हणाले.

हेळवी म्हणजे संस्थेत दोन महिन्यांपूर्वी आलेलं यंत्र. कंपनीनं दिलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सुगी संपली की आपल्या भागात हेळवी येतात, चोपडी उघडून तुमच्या घराण्याच्या दहा पिढ्या घडाघडा वाचून दाखवतात. हे यंत्र पेशींच्या पिढ्या वाचायचं, म्हणून तेच नाव पडलं.

त्याचं काम असं. रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, शरीराची राखण त्यांच्याकडं. बी आणि टी अशा त्यांच्या दोन मुख्य जाती. प्रत्येकीच्या अंगावर शत्रू ओळखायची एक खूण असते, आणि ती जवळजवळ प्रत्येकीची निराळी. गोवराचा विषाणू अंगात शिरला, की कोट्यवधींतल्या ज्या एखादीची खूण त्याला नेमकी बसते, ती वाढायला लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत आठवड्याभरात तिचं घराणं उभं राहतं. शत्रू हटला की घराणं ओसरतं, आणि चार-दोन जुन्याजाणत्या पेशी आठवण ठेवून मागं राहतात. म्हणून तर गोवर सहसा पुन्हा होत नाही. हेळवी या खुणांची जनुकं वाचायचा आणि सांगायचा, या रक्तात कुठली घराणी आहेत, कुठलं कधी वाढलं, कधी ओसरलं.

पण एखादं घराणं शत्रू नसतानाच वाढत सुटतं. सावकाश, वर्षानुवर्षं. साध्या मोजणीत ते दिसत नाही, कारण एकूण पेशी तेवढ्याच असतात. पुष्कळदा त्यातनं पुढं काही होतही नाही. काहींच्या बाबतीत मात्र तोच रक्ताच्या कॅन्सरचा पाया असतो, आणि कळतं तोवर त्यावर माडी चढलेली असते.

“नॉर्मल रक्त कसं असतं ते यंत्राला शिकवावं म्हणून न-१ च्या सहा वर्षांच्या गोठवलेल्या कुप्या घातल्या,” डॉ. कित्तूर टेबलाकडं बघत बोलत होते. “त्यात बी-पेशींचं एक घराणं आहे. पहिल्या वर्षी दहा हजारांत तीन पेशी. गेल्या डिसेंबरात साडेचारशे.”

“कुणाच्या रक्तात?” वर्षाराणीनं विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तोंडातनं गेला खरा.

“न-१ च्या.”

मग ते भराभर बोलायला लागले. उपाय आहे, घाबरू नका. आपलीच संस्था त्या चाचणीत आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांना त्या वाढलेल्या घराण्याची खूण शिकवायची, आणि परत अंगात सोडायच्या. लक्षणं दिसायच्या आधी केलं तर दहापैकी नऊ जणांत घराणं मुळासकट जातं. अट एकच. ते घराणं सलग पाच वर्षं चढत आलंय हे जुन्या रक्तातनं दाखवता आलं पाहिजे, कारण उपचार सोपा नाही, आणि ज्याला गरज नाही त्याला तो द्यायचा नाही.

“आणि पाच वर्षांचं जुनं रक्त कुणाकडं असतं, सांगा? लाखात एखाद्याकडं. तुमच्याकडं आहे. नशीब म्हणा.”

असलं नशीब शत्रूला देऊ नये, असं तिला म्हणायचं होतं, पण तिनं नुसती बाही वर केली. तिनं ताजं रक्त दिलं. हेळव्यात एका वेळी शंभर कुप्या घाला नाहीतर एक, वाचायला तीन दिवस लागायचेच. निकाल गुरुवारी.

घरी तिचा नवरा विद्याधर वह्या तपासत बसला होता. तो भूगोलाचा शिक्षक. तिनं चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातली वही मिटली आणि विचारलं, “जेवलीस का?”

“अरे, मी मरणाचं बोलतेय, आणि तुला जेवण सुचतंय?”

“मरणाचं गुरुवारी बघू. आज सोमवार आहे.”

तिला राग आला, मग रडू आलं, मग भूक लागली. त्यानं पिठलं टाकलं. ताट वाढताना काहीतरी विसरल्याचं निमित्त करून तो सारखा स्वयंपाकघरात जात होता, आणि दर वेळी डोळे पुसून येत होता.

मंगळवारी तिनं रजा टाकली. पुण्याला शिकणाऱ्या लेकीला, तन्वीला, काही कळवायचं नाही असं ठरलं होतं. मग दिवसभर तिनं तन्वीसाठी एका वहीत मेतकूट, तिखट, लोणच्याचा मसाला असं लिहून काढलं. संध्याकाळी विद्याधरनं वही उघडली. प्रत्येक जिन्नसापुढं ‘अंदाजाने’ असं लिहिलेलं होतं.

“हे वाचून पोरीला काय कळणार?”

“कळेल तिला,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली. हसता हसता तिला वाटलं, अजून पंचवीस वर्षं हवी होती. निदान पंधरा तरी.

बुधवारी घरात करमेना म्हणून ती कामावर गेली आणि तिनं तो आलेख पडद्यावर मागवला. आपला शत्रू एकदा डोळ्यांनी बघून घ्यावा म्हणून. सहा वर्षांचा आलेख, दर आठवड्याचा एक ठिपका, ठिपक्यांची माळ डावीकडनं उजवीकडं चढत गेलेली. तिनं दोन मिनिटं बघितलं, डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

माळ अधेमधे तुटली होती. वर्षातनं एकदा, चार-चार ठिपके गायब.

ती रजेवर असेल तेव्हा? छे. तिची मोठी रजा मे महिन्यात असायची. इथं मे महिन्यात ठिपके व्यवस्थित होते. तुटलेली जागा पहिल्या वर्षी डिसेंबरच्या मध्याला सुरू होत होती, दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मग नोव्हेंबरच्या शेवटाकडं, मग नोव्हेंबरच्या मध्याकडं, मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला. गेल्या वर्षी तर ऑक्टोबरातच. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं.

वर्षाराणी खुर्चीत सरळ बसली. दरवर्षी अकरा दिवस मागं सरकणारं वर्षात असतंय तरी काय?

रमजान.

आणि मग तिला सगळं आठवलं. खरं तर विसरली कधी होती? रोजच्या सवयीचं झालं की माणूस त्याचा विचार करायचं सोडतो, एवढंच.

नऊ वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. तिचा दत्ताचा उपास, पोटात फक्त चहा, आणि रक्त काढता काढता ती खुर्चीतनं घसरली होती. तेव्हा तिला सावरलं दस्तगीर मामांनी. दस्तगीर शिकलगार, संस्थेचे जुने शिपाई, आणि सगळ्यांचे मामा. तिला पाणी पाजून ते म्हणाले होते, “ताई, उपासाचं रक्त काढू नये. माझं घ्या की. घोड्यासारखा हाय मी.” तिनं घेतलं. लेबल तयारच होतं, न-१ चं. मामांचं नाव रीतसर न-२ म्हणून घालावं, असं तिनं सरांना विचारलंही होतं. सर म्हणाले होते, समितीची परवानगी, अठरा पानांचा अर्ज, कोण भरणार? मग तो गुरुवार आणि पुढचे सगळे गुरुवार, मामा बाही वर करून हजर. फक्त रमजानच्या महिन्यात दोघंही उपाशी, मग सुई कुणाला टोचायची? त्या महिन्यात गुरुवारची कुपी निघतच नसे. गेल्या डिसेंबरात मामा निवृत्त झाले, आणि त्याच सुमारास नव्या यंत्राला जागा करायची म्हणून गोठवण्याचं कामही थांबलं.

तिनं तळमजल्यावर फोन लावला. “न-१ च्या कुप्या कुठल्या वारी गोठवायचा तुम्ही?”

“गुरुवारीच की मॅडम,” पलीकडनं उत्तर आलं. “द्रव नायट्रोजनची गाडी कोल्हापूरहून गुरुवारीच यायची. दुसऱ्या दिवशी गोठवायचं कशात?”

तिनं फोन ठेवला आणि मोठ्यानं हसली. आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं? मी नाही! मी नाहीच मुळी! ती उपाहारगृहात गेली आणि दोन दिवसांची भूक काढायला कांदाभजीची प्लेट मागवली. तिसरं भजं तोंडात घालताना तिला पुढचं सुचलं, आणि घास तिथंच अडला. ती नाही, म्हणजे मामा.

स्वतःची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती. ज्या माणसानं नऊ वर्षं आपल्या वाटणीची सुई टोचून घेतली, त्याच्या आजारावर आपण भजी खातोय. तिनं प्लेट बाजूला सारली.

गुरुवारी सकाळी डॉ. कित्तूर स्वतः तिच्या टेबलापाशी आले. चेहरा उजळलेला.

“ताजं रक्त स्वच्छ! ते घराणं नावालाही नाही. जुन्या कुप्यांतच काहीतरी घोळ आहे. पुढच्या महिन्यात मान्यतेची तपासणी आहे, तेव्हा भानगड नको. कुप्या दूषित झाल्या असं लिहू आणि सगळ्या नष्ट करू. विषय संपला. जा, पेढे आणा!”

झालं की. मान हलवायची, बस्स. अकरा वर्षांची नोकरी, लेबलावरचं खोटं, सगळं नायट्रोजनच्या वाफेत विरून गेलं असतं. मामांना तिनं कानात सांगितलं असतं, एकदा रक्त तपासून घ्या म्हणून. पण त्या तपासणीत आजचा एक आकडा मिळाला असता, सहा वर्षांची चढण नाही. आणि चढण दाखवल्याशिवाय उपचार नाही. चढण होती ती त्या कुप्यांत.

“सर, कुप्या टाकू नका,” ती म्हणाली. “त्या दूषित नाहीत. त्या दस्तगीर मामांच्या आहेत.”

आणि तिनं सगळं सांगितलं. उपास, खुर्ची, रमजान, नायट्रोजनची गाडी. डॉ. कित्तूर यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

“नऊ वर्षं? नॉर्मल म्हणून तुम्ही शिपायाचं रक्त दिलंत?”

“का? शिपायाचं रक्त नॉर्मल नसतं?”

“तसं नाही हो...”

“आणि नाहीये ते नॉर्मल, सर. तोच तर प्रश्न आहे.”

ते खुर्ची ओढून बसले. “पेशंटांचे रिपोर्ट? ते कुठल्या रक्ताशी ताडले?”

“सोमवारच्या. ते माझंच. मी सगळ्या नोंदी काल तपासल्या. एकही रिपोर्ट चुकलेला नाही.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “बाई की पुरुष, एवढंसुद्धा आपण यंत्राला विचारलं नव्हतं. ते बिचारं खुणा वाचत बसलं.” मग हळूच म्हणाले, “तुम्ही तेव्हा आला होतात ना माझ्याकडं? न-२ साठी?”

“आले होते.”

“अठरा पानं म्हणून मी हाकलून दिलं.” ते उठले. “खरं आहे ते सगळं लिहून काढा. खाली तुमची सही, शेजारी माझी. जे व्हायचं ते होईल. आणि आधी मामांकडं जा.”

मामा निवृत्तीनंतर धाकट्या भावाच्या दुकानात बसायचे. शिकलगारांचं तंबोऱ्याचं दुकान, दारात वाळत घातलेले भोपळे, आत लाकडाचा आणि लाखेचा वास. मामा एका नव्या तंबोऱ्याच्या तारा लावत होते.

“या ताई! आज गुरुवार. उपास दिसतोय, चेहरा उतरलाय.”

वाटभर तिनं वाक्यं जुळवली होती. एकही कामी आलं नाही. ती स्टुलावर बसली आणि जमेल तसं सांगत गेली. मामा तारेवर बोट ठेवून ऐकत होते.

“म्हणजे,” शेवटी ते म्हणाले, “मी नॉर्मल नव्हतो?”

“मामा...”

“न्हाई, बायकोला सांगायचो हो मी. म्हणायचो, तू मला काय समजतीस? अख्ख्या मिरजेचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून बघत्यात. माझं रक्त म्हंजे माप हाय, माप.” त्यांनी मान खाली घातली. “आता तिला काय सांगू?”

मरणाची भीती नव्हती त्या आवाजात, अपमान होता. वर्षाराणीला तेच जास्त लागलं. ती म्हणाली, “सांगा, की एवढं लवकर कळलेला माणूस अख्ख्या मिरजेत दुसरा नाही. दुखणं अजून उंबऱ्याबाहेर आहे, मामा. बाकीच्यांना ते घरात येऊन झोपल्यावर कळतं. तुमच्या त्या दोनशे सत्तर कुप्या आहेत म्हणून उपचार मिळणार. तुम्ही एक गुरुवार चुकवला नाहीत म्हणून.”

मामांनी तार सोडली. दुकानभर तिचा नाद घुमत राहिला. तो पुरता विरल्यावर त्यांनी विचारलं.

“सुई किती मोठी असती त्या उपचाराची?”

“आपलीच. नेहमीची.”

“मग हरकत न्हाई,” मामा म्हणाले.

पुढं बरंच झालं. मामांच्या ताज्या रक्तात ते घराणं सापडलं, जुन्या कुप्यांशी खूण तंतोतंत जुळली. तपासणीच्या मंडळानं संस्थेवर ठपका ठेवला, वर्षाराणीला रक्त घ्यायच्या कामावरनं सहा महिने बाजूला केलं आणि नोंदवह्यांवर बसवलं. पण खरं आपणहून सांगितलं म्हणून मान्यता राहिली. तिनं पहिल्याच आठवड्यात अठरा पानांचा तो अर्ज भरला. दोन तास लागले. दोन तासांसाठी नऊ वर्षं घालवली, असं ती स्वतःलाच म्हणाली. मग दोनशे सत्तर कुप्यांवरचं न-१ पुसून मामांचा नंबर घातला. जूनमध्ये मामांच्या टी-पेशी काढल्या, शिकवल्या आणि परत सोडल्या. चार दिवस सडकून ताप आला. त्या चार दिवसांत वर्षाराणीनं दत्ताला आणि मामांच्या बायकोनं मिरासाहेबांच्या दर्ग्याला एकेक नवस बोलून ठेवला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मामांनी कडक चहा मागितला.

नोव्हेंबरात, ईद झाल्यावरच्या गुरुवारी, मामा संस्थेत आले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी.

“उपास आहे माझा,” वर्षाराणी म्हणाली.

“ठावं हाय की. म्हणून तर साबुदाण्याची खीर आणलीया. शीरखुर्मा पिशवीत हाय, त्यो उद्या खायचा.”

तिनं कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांना वाचता यायचं, तरी तिनंच वाचून दाखवला. हेळव्यानं दहा लाख पेशी चाळल्या होत्या, आणि त्या घराण्याची एकही पेशी सापडली नव्हती.

“एक बी न्हाई?”

“एकही नाही.”

मामांनी कागद घेतला, उलटा करून मागची बाजूही बघितली, आणि घडी घालून खिशात ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. तिनंही लपवले नाहीत.

“मग आता न-१ कोण?” त्यांनी विचारलं.

“कित्तूर सर. दर गुरुवारी बाही वर करतात, आणि सुई दिसली की डोळे घट्ट मिटतात.”

मामा इतके हसले की बाहेरचे दोन पेशंट वाकून बघायला लागले. मग खुर्चीवर बसून त्यांनी जुन्या सवयीनं बाही वर केली. दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त तपासायचं होतं, आणि सहा महिन्यांनी कामावर परतलेल्या वर्षाराणीच्या हातात सुईही आज पहिल्यांदाच येत होती.

“एक सांगू का ताई?” पट्टा आवळला जात असताना ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही उपास केला नसता, तर माझं रक्त कोण घेणार हुतं? उपास तुमचा, आणि पुण्य पडलं माझ्या पदरात.”

“असू दे. तुमच्याच पदरात असू दे,” ती म्हणाली. सुई पहिल्याच खेपेला शिरेत गेली. रक्त कुपीत भरलं. तिनं लेबल घेतलं, त्यावर मामांचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि यावेळी शेजारी वारही लिहिला.